दारावरच्या कॅमेऱ्याला दाखवलेली पिशवी

कॅमेरे किती प्रकारचे असतात ते मला कुणी विचारू नये. विचारलंच तर मी सांगते, पण सांगताना तोंड कडू होतं. छताला पालथ्या वाटीसारखा चिकटलेला असतो तो डोम. भिंतीतून नळकांड्यासारखा बाहेर येतो तो बुलेट. तिसरा एक प्रकार आहे, त्याचं नंतर सांगते. तो कळायला मला फार वेळ लागला, आणि कळला तेव्हा त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

मी नाशिकच्या मेन रोडवर नानाशेठच्या साड्यांच्या दुकानात पैठणीच्या काउंटरला होते. लग्न होऊन मखमलाबादला आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी कामाला लागले. सासरी भाजीपाला आणि फुलांचा मळा, माणसं भरपूर आणि कामही भरपूर, पण माझा हात तिथे नसला तरी कुणाचं अडत नव्हतं. दुकानात मात्र अडायचं. पिंपळगाव, चांदवडकडच्या बायका लग्नाचा बस्ता बांधायला आल्या की दारातूनच विचारायच्या, छायाताई आहेत का. आईचा शालू मी दाखवलेला आणि लेकीची पैठणीही मीच अंगावर टाकून दाखवलेली, अशी घरं होती माझी. हे फुशारकीने सांगत नाही. माझ्याकडे काय होतं आणि काय गेलं ते नीट कळावं म्हणून सांगते.

नानाशेठचा एक नियम होता. दसऱ्याची पूजा मालकाने करायची नाही, काउंटरवरच्या माणसाने करायची. ज्याचा हात वस्तूवर चालतो त्यानेच तिला हळदकुंकू लावावं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दुकानात हा मान कित्येक वर्षं माझ्याकडे होता. मीटरपट्टी, कात्री, पिको-फॉलचं मशीन, शटरचं कुलूप, टेलिफोन, नानांची स्कूटर, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. हारही आमच्याच मळ्यातले. माझ्या सासूबाई, गोजराबाई, दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात बसून ते ओवायच्या. दुकानाचे हार झाल्याशिवाय फुलांची पहिली पाटी बाजाराला जाऊ द्यायच्या नाहीत. माल उशिरा गेला तर भाव पडतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरीही.

मग नानांचा मुलगा महेश पुण्याहून शिकून आला आणि दुकानात बसायला लागला. बसायला म्हणजे खरोखरच बसायला. नाना गादीवर बसायचे, दारातून कोण आलं ते बघायचे, पाणी द्या म्हणायचे. महेशशेठने मागच्या बाजूला काचेची केबिन करून घेतली आणि तिच्यात टीव्ही ठेवला. दोन हजार चारच्या लग्नसराईच्या आधी दुकानात कॅमेरे लागले. छताला तीन डोम, बिलाच्या टेबलावर एक बुलेट, आणि बाहेर दारावर, दुकानाच्या नावाच्या पाटीशेजारी, आणखी एक बुलेट. हा सगळ्यात लांब आणि ऐटबाज होता. त्याच्या पोटाखाली लाल दिवा उघडझाप करायचा.

महेशशेठने सगळ्यांना जमवून भाषणच दिलं. हा रंग टिपतो, हा अंधारात बघतो, दारावरचा तर रस्त्यावरच्या माणसाची नखंसुद्धा दाखवतो. सगळं साठवलं जातं, मागचं काढून बघता येतं. खोटं करणाऱ्याला भीती, खरं करणाऱ्याला कसली भीती, असं म्हणून तो हसला. आम्हीही हसलो. मालक हसल्यावर हसावं लागतं.

त्याने एक नवीन पद्धतही घातली. तोवर संध्याकाळी घरी जाताना वॉचमन भिकन आमच्या पिशव्या चाचपून बघायचा. बिचारा मान खाली घालून चाचपायचा, पण बायामाणसाच्या पिशवीत परक्या पुरुषाचा हात गेला की अंगावर काटा यायचाच. आता भिकनने हात लावायचा नाही. दारावरच्या कॅमेऱ्याखाली थांबायचं, पिशवी उघडायची, थोडी तिरकी करून वर धरायची आणि मग जायचं. महेशशेठ म्हणाला, तुमचाच मान राखला. खोटं कशाला बोलू, आम्हालाही तसंच वाटलं. माणसाच्या हातापेक्षा यंत्राचा डोळा परवडला.

फॉल-पिकोच्या मशीनवर बसणारी दीपमाला नावाची मुलगी होती, माझ्याच हाताखाली तयार झालेली. ती त्या कॅमेऱ्याची रोज थट्टा करायची. डबा उघडून वर धरायची आणि म्हणायची, बघा शेठ, भेंडी होती, संपवली. येणारेजाणारे थांबून बघायचे. हळूहळू सवय झाली. देवळात गेलं की घंटा वाजवावी तशी आम्ही पिशवी उघडायला लागलो. एकदा दुपारी लाइट गेली तेव्हा कॅमेरेवाल्यांचा फिटर दुकानातच होता. लाइट गेली की कॅमेरेही गेले, जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे आंधळे, असं तो बोलून गेला. दीपमाला लगेच म्हणाली, मग काय चोरायचं ते आत्ताच चोरून घ्या. त्या वेळी सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते.

त्या वर्षीचा दसरा आला. महेशशेठ सकाळीच नवी गाडी आणायला शोरूमला गेला होता. नाना गादीवर होते. मी पूजेचं ताट घेऊन एकेक वस्तू उरकत आले आणि पाटीत हार उरले. वर बघितलं तर कॅमेरे कोरडे. नानांना विचारलं, वरच्यांचं काय करायचं. नानांनी मान वर केली, चष्मा सारखा केला.

"दुकान राखतात ना ते? मग त्यांना कोरडं कशाला ठेवायचं," ते म्हणाले.

भिकनने शिडी धरली. मी वर चढून प्रत्येक वाटीच्या काचेवर बोटभर हळद आणि बोटभर कुंकू लावलं, छताच्या दोन्ही बाजूंच्या पट्टीला हार अडकवून खाली सोडला. बिलावरच्या बुलेटलाही तसंच केलं. आता कुणी म्हणेल, काचेवर कशाला लावलंस, बाजूला लावायचं. अहो, आपण स्कूटरला कुंकू कुठे लावतो? तोंडाला. मशीनला, जात्याला, नांगराला कुठे लावतो? जिथे त्याचं काम चालतं तिथे. कॅमेऱ्याचं तोंड म्हणजे ती काच. पाठीवर कुंकू लावलेली वस्तू मी आजवर बघितलेली नाही.

दारावरच्या कॅमेऱ्यापाशी मात्र शिडी लागेना. खाली आपट्याची पानं विकणाऱ्या बायका बसलेल्या, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. मग मी खालूनच अक्षता आणि कुंकू उडवलं आणि त्याला हात जोडले. डोळे मिटून हात जोडले. हे आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

महेशशेठ गाडी घेऊन आला, गाडीची पूजा झाली, पेढे झाले आणि गिऱ्हाईक लोटलं. वर बघायला कुणाला फुरसत नव्हती. दिवसभर पैठण्यांचे ढीग उलगडले, घड्या घातल्या, पुन्हा उलगडले. दसऱ्याचा हार वाळेपर्यंत उतरवायचा नसतो, म्हणून तो तसाच राहिला. संध्याकाळी निघताना मी दारात थांबले, पिशवी उघडून वर धरली. आत रिकामा डबा, कुंकवाचा करंडा आणि सगळ्यांनी दिलेलं सोनं, आपट्याची पानं. एवढंच होतं. हे मी पुढे इतक्या वेळा सांगितलं की आता ते पाठ केल्यासारखं वाटतं, पण तेवढंच होतं.

दोनतीन दिवसांनी माल मांडताना तीन पैठण्या कमी भरल्या. माझ्याच काउंटरच्या. आम्ही कपाटं उपसली, गोदाम उपसलं, सापडल्या नाहीत. कुणी नेल्या ते मला आजही माहीत नाही. महेशशेठने दसऱ्याच्या दिवसाचं काढून बघितलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. नानाही आत होते. बाकीचे काचेबाहेर काम करत असल्याचं दाखवत उभे.

टीव्हीच्या पडद्यावर चार चौकटी होत्या. माझ्या काउंटरवरची चौकट नुसती पिवळी. तिच्या कडेला कुणाकुणाचे हात येत होते, जात होते, हात कुणाचे ते दिसत नव्हतं. बाकीच्या तिन्ही लाल-पिवळ्या, धुरकट. महेशशेठने टेबलावर वाळलेला हार ठेवला. त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता, पुरावा ठेवतात तसा.

मी सांगितलं, हार मी घातला, नानांना विचारून घातला. महेशशेठने वडिलांकडे पाहिलं. नानांनी हाराकडे पाहिलं, मग मुलाकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी गाडीचं म्हणालो असेन," नाना म्हणाले.

पैठण्या गेल्या त्याचं दुःख वेगळं. पण ज्या माणसासाठी माझ्या सासूने वर्षानुवर्षं फुलांचा भाव पाडून घेतला, त्याला एक वाक्य स्वतःचं म्हणून सांभाळता आलं नाही. मुलासमोर म्हातारा माणूस किती लहान होतो ते मी तिथे बघितलं. दया यायला हवी होती, आली नाही.

मग मला एकदम सुचलं आणि धीर आला. मी म्हणाले, आतलं जाऊ द्या, दारावरचं काढा. त्याला हार नव्हता. मी त्या संध्याकाळी त्याच्यासमोर पिशवी उघडली होती. नखंसुद्धा दिसतात म्हणता ना, मग माझी पिशवी दिसेल. सगळ्यांना आत बोलवा, सगळ्यांसमोर लावा. त्यात काही दिसलं तर मी स्वतः चौकीत जाते.

महेशशेठने हाराची पिशवी टेबलावर सरकवली. मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, बघितलंय मी. मी म्हणाले, मग मलाही दाखवा. तो म्हणाला, हे असं सगळ्यांना दाखवायचं नसतं. मी हात जोडले. आयुष्यात माझ्यासाठी साक्षीदार म्हणून मी फक्त एकाचं नाव घेतलं होतं, त्या दारावरच्या कॅमेऱ्याचं. बाकी कुणावर माझा भरवसाच उरला नव्हता. महेशशेठने काचेबाहेरच्या माणसांकडे एकदा नजर फिरवली. तो काहीतरी जुळवत होता, एवढं मला दिसलं. मग त्याने उठून केबिनचं दार उघडलं आणि बाहेर ऐकू जाईल असं बोलला.

"छायाबाई, दारावरच्या कॅमेऱ्यात काय दिसलं ते मला सांगायला लावू नका. मी पोलिसांत देत नाही, तेवढ्यावर समजून घ्या."

बस्स. एवढ्यावर सगळं संपलं. काही दिसलं असं तो म्हणाला नाही, आणि दिसलं नाही असंही म्हणाला नाही. मी बाहेर आले तेव्हा दीपमाला मशीनवर मान खाली घालून बसली होती आणि मशीन बंद होतं. त्या दिवशी पिशवी उघडू की नको असं मला झालं. तरी उघडली. रडत रडत वर धरली आणि निघाले.

घरी गेल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या फुलांनी केलं का गं हे?" त्या म्हणाल्या. "देवाला घालतो तीच फुलं व्हती ती. चोरीला कशी लागली?"

माझा नवरा पुंजा रात्री जेवून उठला. नंतर हात धुताना, पाठ फिरवून त्याने एकदाच विचारलं, "तू नाय ना काही?" मी नाही म्हणाले. तो बरं म्हणाला. पुन्हा कधी विचारलं नाही, पण ते एकदा विचारलेलं अजून तसंच आहे, घरात एखादी फुटकी वस्तू कुणी टाकून देत नाही तशी.

मग मी सासूबाईंबरोबर रविवार कारंजावर फुलं विकायला बसायला लागले. तिथून मेन रोड हाकेच्या अंतरावर. जुनी गिऱ्हाइकं जाता-येता दिसायची. पिंपळगावच्या लंकाबाईंच्या दोन्ही लेकींचा बस्ता मी बांधला होता. त्या एकदा अगदी समोर आल्या, गजरा घेतला, मला ओळखलं, आणि पर्स काखेत घट्ट धरली. मुद्दाम केलं असेल असं नाही. हात आपोआप जातो. म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात लोडशेडिंगने कहर केला. भर दुपारी लाइट जायची. एकदा मी रिकाम्या पाट्या घेऊन मेन रोडने निघाले होते. नानाशेठच्या दुकानासमोर आले आणि लाइट गेली. दुकानांच्या नावांवरचे दिवे गेले, पंखे थांबले, सगळा रस्ता एकदम गप्प झाला. मी सवयीने वर बघितलं. काचेच्या दारातून आतले डोम दिसत होते, त्यांच्यातले बारके दिवे विझलेले. आणि दारावरचा लांब, ऐटबाज बुलेट मात्र मजेत उघडझाप करत होता. लाल, बंद, लाल, बंद.

मी उन्हात तशीच उभी राहिले. लाइट गेली की सगळे आंधळे, असं फिटर म्हणाला होता. मग हा कसा चालू? हा लाइटवर नव्हताच. याच्या पोटात एक सेल आणि एक दिवा, बाकी पोकळ. मग मला केबिनमधला पडदा आठवला. आत तीन डोम आणि एक बुलेट मिळून चार झाले. पडद्यावर चौकटी चारच होत्या. दारावरच्याची चौकट कधी नव्हतीच. हा तिसरा प्रकार. याला डमी म्हणतात. हा काही बघत नाही, त्याच्याकडे बघणारे घाबरतात एवढंच त्याचं काम.

आधी मला हसू आलं. इतके दिवस आम्ही बाया एका रिकाम्या डब्याला डबे दाखवत होतो. मग डोक्यात संताप चढला. महेशशेठला त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं, छायाबाई, तो कॅमेरा खोटा आहे, त्यात तुम्ही दिसत नाही, चोर म्हणूनही नाही आणि साव म्हणूनही नाही. पण ते म्हटलं असतं तर काचेबाहेर उभ्या सगळ्यांना कळलं असतं. त्याने प्लॅस्टिकचा एक डबा वाचवला आणि मला टाकून दिलं.

मी पाट्या दारात ठेवल्या आणि आत गेले. अंधारात गिऱ्हाइकं पदराने वारा घेत बसली होती. नाना गादीवर होते. भिकन, दीपमाला, सगळे होते. मी आवाज चढवला नाही.

"दारावरचा कॅमेरा पोकळ आहे," मी म्हणाले. "लाइट गेली तरी त्याचा दिवा चालूय, बाहेर जाऊन बघा. त्यात सेल आहे नुसता. त्याने मला कधी बघितलंच नाही. मी चोरी केली असं त्याने दाखवलं नाही, कारण तो काहीच दाखवत नाही."

भिकन बाहेर गेला, वर बघून आला आणि दारात उभा राहिला. महेशशेठ केबिनमधून बाहेर आला होता. त्याचा चेहरा उतरलेला मला अंधारातही दिसला. तेवढ्या एका क्षणात मला वाटलं, जिंकले. माझं नाव मला परत मिळालं. घरी जाऊन पुंजाला काय सांगायचं ते शब्दसुद्धा मी जुळवले.

आणि दीपमाला बोलली. तिच्या मनात वाईट नव्हतं, ते मी तेव्हाही जाणलं आणि आजही म्हणते. ती खरंच गोंधळली होती.

"म्हणजे ताई, तो खोटाय हे तुम्हाला माहीत होतं?"

आतल्या कॅमेऱ्यांना हार घातला आणि दारावरच्याला तेवढा नाही, कारण तो खोटा हे तिला आधीच माहीत, असं प्रत्येकाच्या डोक्यात जुळत गेलेलं मी बघत होते. गर्दीमुळे शिडी लागली नाही हे भिकनला माहीत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शटरच्या कुलपाकडे बघत होता. महेशशेठला तर तोंडही उघडावं लागलं नाही. त्याने फक्त मान हलवली, बघा, असं म्हणणाऱ्या माणसासारखी. मागे जनरेटर सुरू झाला, दिवे आले, पंखे फिरायला लागले आणि एक बाई म्हणाली, ती जांभळी दाखवा ना पुन्हा.

मी पाट्या उचलून निघून आले. मी त्या कॅमेऱ्याला डोळे मिटून हात जोडले होते, हे सांगायचं तिथे सुचलंच नाही. सुचलं असतं तरी ते बघितलं होतं कुणी?

त्या वर्षापासून दसऱ्याचे हार आमच्या अंगणातून थेट बाजाराला जातात. सासूबाई ओवताना दुकानाचं नाव काढत नाहीत. दारावरचा कॅमेरा अजून तोच आहे. बदलायची त्यांना गरज पडली नाही. आता दुकानातल्या सगळ्यांना तो पोकळ आहे हे माहीत आहे, आणि संध्याकाळी सगळ्या जणी तरीही त्याच्याखाली थांबतात. दीपमाला पूर्वीसारखी थट्टा करत नाही. ती पिशवी नीट उघडते, वर धरते आणि पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवते. छायाताईचं काय झालं ते तिने बघितलंय.

आणि मी? काही दिवसांपूर्वी पाट्या घेऊन तिथून जात होते. दाराखाली आले आणि पाऊल थांबलं. वर लाल दिवा उघडझाप करत होता. भानावर आले तेव्हा पाटीवरचं ओलं फडकं मी हाताने बाजूला केलेलं होतं, आणि पाटी थोडी तिरकी करून वर धरली होती.